मामानं भरलेली फी

मार्च संपत आला की बारामतीच्या चौकाचौकांत फलक लागतात. अबॅकस, कराटे, संस्कार शिबिर, हस्ताक्षर सुधार, आणि या सगळ्यांत मोठा फलक पोहण्याचा. त्यावर निळंशार पाणी असतं आणि दात दाखवून हसणारं कुठल्यातरी दुसऱ्याच देशातलं गोरंगोमटं मूल असतं. यंदाही ते लागले. एमआयडीसीतल्या दुधाच्या प्लँटमध्ये मी नमुने तपासायचं काम करते. सकाळी स्कूटीवरून जाताना एका फलकापाशी सिग्नल नसतानाच थांबले आणि तो पूर्ण वाचला. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं म्हणून पुन्हा वाचला. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, तेव्हा निघाले.

मला गेल्या वर्षीचा उन्हाळा आठवत होता. आठवत होता म्हणजे काय, तो अजून पुरता गेलेलाच नाही. कपाटात उन्हाळी कपडे वर काढताना माझ्या मुलीची, स्वराची, पोहण्याची टोपी हाताला लागते, रबराला रबर चिकटलेलं असतं, मी ते सोडवते आणि टोपी परत ठेवून देते. एवढंच. त्यापुढे काही होत नाही. हल्ली माझ्या बाबतीत बऱ्याच गोष्टींचं असं झालं आहे, आणि कधीकधी मला याचीच भीती वाटते.

पोहायला पैसे लागतात हे मला लग्न होऊन बारामतीला आल्यावर कळलं. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, निमगाव केतकीच्या पुढचं. तिथं पोहणं हे बोलण्या-चालण्यासारखं होतं. मूल चालायला लागलं म्हणून कुणी फी भरत नाही. इथे मात्र बॅचची फी, ती वेगळी. टोपी वेगळी, गॉगल वेगळा, पोशाख वेगळा, डॉक्टरचा दाखला वेगळा, आणि लॉकरची किल्ली हरवली तर दंडही वेगळा. तलावाच्या जाळीबाहेर बसणाऱ्या आयांचा तोच विषय. एकीच्या मुलाला चांगली सर्दी झाली होती, नाक लाल झालं होतं, तरी तिनं त्याला पाण्यात सोडलं. म्हणाली, खाडा केला तर पैसे परत देतात थोडेच. दुसरीचा हिशेब असा होता की याच पैशांत मुलीला कानातलं झालं असतं, आणि कानातलं निदान दिसलं तरी असतं. मी त्यांच्यात बसून मान हलवायचे. त्या चांगल्या बायका होत्या. माझ्याकडे अधूनमधून बघून त्या आवाज खाली घ्यायच्या, कारण बारामती काही एवढी मोठी नाही आणि आमच्या घरात काय झालं होतं ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं.

झालं होतं ते असं. माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, एकुलता एक मुलगा सुजय त्याच्या आदल्या उन्हाळ्यात शेततळ्यात बुडाला. त्याला उत्तम पोहता येत होतं.

हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलं आहे की ते आता माझं राहिलेलं नाही. लोक दर वेळी एकच विचारतात, पोहता येत होतं तर मग कसं? आणि मी दर वेळी शेततळ्याचा कागद समजावून सांगते. विहिरीला कडेनं दगड असतो. शेततळं म्हणजे उकरलेला मोठा खड्डा, पाणी मुरू नये म्हणून त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला. चारी बाजूंनी उतार. पाणी आणि ऊन लागून कागदावर बुळबुळीत थर चढतो. उतरायला एक क्षण पुरतो. वर यायला हाताला काही लागत नाही, पाय ठेवला की सरकतो, आणि जितकं धडपडावं तितका माणूस दमतो. म्हणून काठाला दोर बांधून पाण्यात सोडायचे असतात, ट्यूब टाकून ठेवायच्या असतात. दादाच्या तळ्याला ते करायचं राहून गेलं होतं. पैसे नव्हते म्हणून नव्हे. आळसानंही नव्हे. आमच्या घरात पोहता न येणारं कुणीच नव्हतं, त्यामुळे दोराची गरज कुणाच्या डोक्यातच आली नाही. दोर हा पोहता न येणाऱ्यांसाठी असतो अशी आमची सगळ्यांची समजूत होती. माझीही होती. त्या तळ्याच्या काठावर उभी राहून मी स्वतः म्हणाले होते की पाणी झकास दिसतंय.

आम्हाला पोहायला मामानं शिकवलं. आमच्याकडे तशी रीतच आहे, भाच्याला पाण्यात मामानं घालायचं. बापानं घातलं तर मूल भितं म्हणतात, आणि ते खरं असावं, कारण बापाला त्याच्याहून जास्त भीती वाटते. आमचा मामा मोरगावकडचा. त्याची विहीर चैत्रातच तळाला जायची, खाली नुसता गाळ आणि त्यात दोन-चार बेडूक. म्हणून तो परीक्षा संपल्या की एसटीनं आमच्याकडे यायचा आणि आमच्याच विहिरीत आम्हाला पोहायला शिकवायचा. वडील त्याला चिडवायचे, पाणी आमचं आणि मान पाहुण्याचा. मामा हसून उडवून लावायचा. त्याच्या गावात पाणीच नसताना तो इतकं चांगलं कुठे शिकला, हे कोडं वडिलांना शेवटपर्यंत सुटलं नाही.

आदल्या वर्षीचा वाळलेला भोपळा माळ्यावरून निघायचा. तो माझ्या पाठीला ओढणीनं बांधलेला असायचा आणि गाठ पोटाला काचायची. विहिरीचं पाणी वर कोमट आणि पायांशी थंडगार. भिंतीच्या कपारीत पारवे घुमायचे, तो आवाज पाण्यावरून गोल फिरून आपल्याच कानात यायचा. दादा वरून अंगाचं मुटकुळं करून मुटका मारायचा आणि माझ्या तोंडावर पाणी उडवायचा. मी रडले की मामा त्याला नाही, मला रागवायचा. म्हणायचा, पाणी तोंडावर येणारच, त्याच्याशी भांडत बसू नको. एके दिवशी काही न बोलता त्यानं गाठ सोडली. मी पलीकडच्या पायरीला हात लावला आणि मागे बघितलं तर भोपळा मधोमध एकटाच तरंगत होता. त्या दिवशी आईनं विहिरीला नारळ दिला आणि मामाला टॉवेल-टोपी. आमच्या पोहण्याची फी ती एवढीच. मामा ती टोपी गावी पोहोचेपर्यंत डोक्यावरून काढायचा नाही असं मामी सांगायची.

आज विचार करते तेव्हा जाणवतं की मामानं आम्हाला सगळं शिकवलं, फक्त बाहेर निघायला शिकवलं नाही. शिकवायचं कारणच नव्हतं. हात टाकला की दगड होता, पायरी होती, भिंतीतून आलेली उंबराची मुळी होती. बाहेर निघणं हा पोहण्याचाच भाग आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. दादाला ठाऊक नव्हतं, आणि त्याच्याकडून सुजयला कळायचा प्रश्नच नव्हता. सुजयच्या मामाच्या गावाला विहीर नाही, म्हणून त्याला दादानंच शिकवलं, त्याच विहिरीत, आणि पोरगा बापाच्याही पुढे गेला. विहिरीच्या काठावरून तो सूर मारायचा तेव्हा पाण्याचा आवाजसुद्धा होत नसे. वहिनी कट्ट्यावर भाकरी आणि शेंगा घेऊन बसलेली असायची, कारण पोहून आलं की त्याला दम निघत नसे.

त्या दिवशी दादा डाळिंबाच्या बागेच्या पार पलीकडच्या कडेला फवारणी करत होता. पंप चालू होता. सुजयनं हाका मारल्या असतील. मारल्याच असतील. दादाला पंप बंद झाल्यावर ऐकू आलं, किंवा ऐकू आलं असं त्याला वाटलं, आणि तो पळत सुटला. तो पोहोचला तेव्हा पाणी स्थिर होतं.

नंतरचं काही मला नीट सांगता येत नाही. मी रडले नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. प्लँटमध्ये परत रुजू झाले, दुधाची फॅट काढत राहिले आणि माझा एकही आकडा चुकला नाही. तळं तसंच राहिलं. मला वाटलं होतं दादा कागद फाडून टाकेल, पाणी सोडून देईल. भावकीतले लोकही तसं बोलत होते. पण डाळिंब उन्हाळ्यात त्याच पाण्यावर जगणार होतं आणि दादानं मोटर चालू केली. कुणी नावं ठेवली, कुणी त्याचं धैर्य म्हणाले. मला दोन्ही पटलं नाही. बागेला पाणी लागत होतं म्हणून त्यानं पाणी दिलं. त्या वर्षीची फळं घरात कुणी खाल्ली नाहीत, ती सगळी बाजारात गेली.

मी मात्र स्वराला पाण्याजवळ फिरकू दिलं नाही. ती तेव्हा दुसरीत. बादली भरलेली दिसली तरी मी ओतून टाकायचे. शाळेची सहल नदीकाठच्या देवळाला गेली, तिला मी ताप आहे म्हणून घरी ठेवलं. नवरा समजावून दमला आणि त्यानं हात टेकले. माझं म्हणणं सरळ होतं. ज्याला पोहता येतं तोच पाण्यात उतरतो. न येणारा काठावर तरी थांबतो.

आणि मग गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला दादाचा फोन आला. तो फोनवर फारसा बोलत नाही, आणि त्या वर्षभरात तर बोलणं जवळपास थांबलंच होतं. आधी पाऊसपाण्याचं झालं, ऊस तुटला का ते झालं. मग म्हणाला, स्वराला यंदा पोहायला टाक. मी नाही म्हणाले. मला वाटलं फोन कट झाला.

"मामानं शिकवायचं असतं," तो म्हणाला. "माझ्यानं आता पाण्यात उतरवत न्हाय. तितं चांगला माणूस बघ. फी मी भरणार."

मला नाही म्हणता आलं नाही. माझं मत बदललं नव्हतं, भीतीही गेली नव्हती. पण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते, आणि त्याच्याशी भांडायला माझ्याकडे शब्दच नव्हते. एप्रिलच्या सुरुवातीला तो मोटरसायकलवरून आला, घडी केलेल्या नोटा शर्टाच्या आतल्या खिशातून काढल्या आणि तलावाच्या खिडकीत दिल्या. नवऱ्यानं मोबाइल पुढे केला होता, मी करतो पैसे, म्हणाला. दादानं त्याचा हात हळूच बाजूला सारला. खिडकीतल्या बाईनं विचारलं, वडील का? तो म्हणाला, मामा.

ती सकाळची बॅच. तलावाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास आणि खाली निळ्या फरशा, त्यामुळे उथळ पाणीही खोल वाटायचं. मुलं कठड्याला धरून ओळीनं पाय मारायची. शिकवणारे सर तरुण होते, गळ्यात शिट्टी, स्वभावानं शांत. स्वरा पहिल्या दिवशी थरथरली, दुसऱ्या दिवशी रडली, आणि नंतर मला विसरली. मी जाळी धरून उभी राहायचे. तिचं डोकं पाण्याखाली गेलं की माझे हात बधिर व्हायचे आणि वर आलं तरी तसेच राहायचे. घरी गेल्यावर तिच्या केसांचा तो औषधी वास अंघोळीनंही जायचा नाही. नवरा म्हणायचा, मजेत आहे गं पोरगी. मजेत होतीच.

दर रविवारी दादा यायचा. येताना वहिनीनं दिलेला डबा असायचा, त्यात शेंगदाण्याचे लाडू. पोहून आलं की भूक लागते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. दादा तलावाकडे पाठ करून बाकावर बसायचा आणि रस्त्यावरची वाहनं बघायचा. इतक्या लांब येऊन पाठ करून बसणाऱ्या माणसाकडे बायका बघायच्या. शिट्टी वाजली की तो फक्त विचारायचा, निघाली का बाहेर? मी हो म्हटलं की मग वळायचा.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी सर स्वतःहून त्याच्याकडे आले. तुमची भाची छान करतेय, म्हणाले, आता हात मारायला लागली, पुढच्या आठवड्यात खोल बाजूला नेऊ. दादा उठून उभा राहिला. त्यानं विचारलं की बाहेर निघायला शिकवता का? सरांनी स्टीलच्या शिडीकडे बोट केलं.

"शिडी नसंल तर?" दादा म्हणाला.

तर कठडा धरायचा, सर म्हणाले.

"कडंला हाताला कायच लागत नसंल तर?"

सरांना कुणी सुजयचं सांगितलं होतं की त्यांचं त्यांनाच कळलं, मला माहीत नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "मग काका, धडपड करायची नाही. उताणं पडून तरंगत राहायचं, श्वास सांभाळायचा. कुणी येईपर्यंत."

"मग तेवढंच शिकवा," दादा म्हणाला. "हात मारायचं राहिलं तरी चालंल. फी पुरी घ्या."

सरांनी ते ऐकलं. बाकीची मुलं तलावाची रुंदी कापायला लागली आणि स्वरा एका कोपऱ्यात आकाशाकडे तोंड करून पडायला शिकत राहिली. जाळीबाहेरच्या बायकांना माझी कीव आली. एवढी फी भरून पोरगी नुसती पडून राहते, असं एक जण म्हणालीच. तिचं चुकलं नव्हतं. स्वराही कुरकुरायची, सगळे पुढे गेले आणि मी इथंच, म्हणायची. मी तिला काही समजावलं नाही. तरंगताना तिचं तोंड तेवढं पाण्याबाहेर असायचं, कान पाण्यात. हाक मारली तरी तिला ऐकू यायचं नाही. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. माझ्या आत काहीतरी व्हायला हवं होतं आणि ते होत नव्हतं, महिनाभर मी तिथं अशीच उभी होते.

मे महिन्यात बॅच संपली. शेवटच्या रविवारी पालकांना आत बोलावलं होतं. मुलांनी एकेक करून पोहून दाखवलं, टाळ्या झाल्या, मोबाइल वर झाले. स्वराची पाळी शेवटी. ती खोल बाजूच्या मधोमध जाऊन उताणी झाली आणि हात पसरून पडून राहिली. लोकांनी थोड्या टाळ्या वाजवल्या आणि मग काय बघायचं ते न कळून आपापल्या मुलांची अंगं पुसायला लागले. दादा त्या दिवशी पाठ करून बसला नव्हता. तो सरांजवळ उभा होता.

सरांनी विचारलं, काका, किती वेळ ठेवू?

दादानं चपला काढल्या आणि फाटकातून बाहेर गेला. तलावाला लागून शाळेचं मैदान आहे, लांबलचक, उन्हानं पांढरं पडलेलं. त्या मैदानातून तो चालत गेला, अगदी पलीकडच्या भिंतीपर्यंत. तिथं पोहोचून भिंतीकडे तोंड करून जरा वेळ उभा राहिला. मला वाटलं त्याला रडायचं असेल आणि लोकांसमोर नको असेल. मग तो वळला आणि पळायला लागला.

तेव्हा मला कळलं तो काय करतोय. डाळिंबाच्या पलीकडच्या कडेपासून तळ्यापर्यंत जेवढं अंतर होतं तेवढंच त्यानं धरलं असावं. दादा आता काही तरुण नाही. पायजमा गुडघ्यांत अडकत होता, तापलेल्या खड्यांवर अनवाणी पाय पडत होते. मैदानात चेंडू खेळणारी मुलं खेळ थांबवून बघत राहिली. सरांनी शिट्टी तोंडाला लावली होती, ती त्यांनी वाजवली नाही. मी एकदा त्याच्याकडे बघायचे आणि एकदा पाण्याकडे. स्वरा पडून होती. तिचं पोट सावकाश वर-खाली होत होतं. तो मैदानाच्या मध्यावर आला, तरी ती पडून होती. फाटकाशी आला, ठेचकाळला, सावरला, तरीही ती पडून होती.

तो काठावर येऊन गुडघ्यांवर कोसळला. श्वास पुरत नव्हता, तोंडातून आवाज फुटत नव्हता. त्यानं नुसता हात लांब केला. स्वरानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो हात बघितला, कुशीवर वळली, दोन-चार हात मारले आणि तो धरला. त्यानं तिला वर ओढून घेतलं. ओल्या अंगानिशी ती त्याच्या मांडीवर बसली आणि केसांतलं पाणी निपटत म्हणाली, "मामा, किती उशीर केलास."

मी टॉवेल घेऊन उभी होते. मला पुढे जाता आलं नाही.

"व्हय बाळा," दादा म्हणाला. "लई उशीर झाला."